गहाणाची सोडवणूक

डोंबिवलीहून एका वाचकभगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. त्यात तीन प्रश्न आहेत. पहिला तत्त्वाचा, दुसरा घरातला आणि तिसरा कायद्याचा. त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. दोन्ही घरांचा घरोबा चांगला असून दिवाळीचा फराळ इकडून तिकडे व नाताळचा तिकडून इकडे जात असतो. यंदा उत्तम शुक्रवारच्या उपासनेहून परत आलेली शेजारीण बोलता बोलता म्हणाली की, प्रभूने आमच्या पापांसाठी प्राण दिला, म्हणून आमचे तारण झाले. भगिनींच्या सासूबाई तेथेच जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "पाप केले एकाने आणि भोगले दुसऱ्याने, हा कुठला गं न्याय?" शेजारणीस उत्तर देता आले नाही. तिची श्रद्धा दृढ होती. परंतु श्रद्धा दृढ असली म्हणजे ती समजावून सांगता येतेच असे नाही. आपल्याकडे तरी नित्य संध्या करणाऱ्यांपैकी कितीजणांस मार्जनाचा अर्थ सांगता येईल? असो. पहिला प्रश्न प्रथम घेऊ.

सासूबाईंनी आपण काही अडाणी प्रश्न विचारला असे मुळीच समजू नये. हा आक्षेप मोठमोठ्या पंडितांनी घेतलेला आहे. काशीस स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातील नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' नावाचा संस्कृत ग्रंथ रचून ख्रिस्ती मताचे खंडन केले. त्या मतातील ईश्वराचा न्याय त्यांच्या तर्कनिष्ठ बुद्धीस पटत नव्हता. खंडनासाठी म्हणून हाती धरलेल्या ग्रंथाने पुढे त्यांचाच ठाव घेतला, व १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन शास्त्रीबुवांचे नेहेम्या गोरे झाले. तथापि शंकांनी त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. ज्या प्रश्नाने एवढा विद्वान मनुष्य एका तीरावरून दुसऱ्या तीरावर गेला आणि तेथेही स्वस्थ बसू शकला नाही, तो प्रश्न माजघरात सहज निघावा यात आम्हांस तर या घराचे भूषणच दिसते.

आमची बुद्धी कर्मसिद्धान्तात वाढलेली. प्रत्येक जीवाची वही वेगळी, जमाखर्च वेगळा. एकाच्या वहीतील खर्च दुसऱ्याच्या वहीत टाकणे म्हणजे लबाडी. ही दृष्टी घेऊन आपण ख्रिस्ती मताकडे पाहू लागलो की ते अन्यायाचे दिसते. परंतु मुळात तो विचार वहीचा नाही. तो गहाणाचा आहे, आणि हे त्यांच्या शब्दांवरूनच कळते. मराठी बायबलात 'तारण' हा शब्द जागोजागी येतो. तरून जाणे, पार पडणे हा त्याचा धात्वर्थ आपणांस परिचित आहेच. पण हाच शब्द डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर पेढ्यांच्या पाट्यांवरही वाचावयास मिळतो; सोने तारण ठेवून कर्ज मिळते. मूळ भाषांतरकारांच्या मनात हा श्लेष होता असे आम्ही म्हणत नाही. तथापि तो अर्थाच्या अगदी जवळ जाणारा आहे. कारण मूळ ग्रीक ग्रंथात येशूने आपला प्राण पुष्कळांसाठी 'लुत्रॉन' म्हणून दिला असे म्हटले आहे, आणि लुत्रॉन म्हणजे दास किंवा बंदिवान सोडविण्यासाठी मोजलेले मोल. मराठी भाषांतरात त्यास 'खंडणी' असा शब्द योजलेला आढळतो. खंडणी म्हटली की आपणांस सुरत आठवते आणि आजकाल वर्तमानपत्रातील गुन्ह्यांचे सदर. त्यामुळे हा शब्द आज कानास खटकतो हे कबूल केले पाहिजे.

या कल्पनेचे मूळ ग्रीकांपेक्षाही जुने आहे. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रात, लेवीय नावाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात, असा नियम सांगितला आहे की, एखाद्याने दारिद्र्यामुळे आपली वडिलोपार्जित जमीन विकली तर त्याच्या जवळच्या भाऊबंदाने ती पैसे भरून सोडवावी. आणि कोणी स्वतःसच परक्याच्या घरी दास म्हणून विकले असेल तर भाऊ, चुलता अथवा चुलतभाऊ यांनी त्याला सोडवून आणावे. अशा सोडविणाऱ्या आप्तास हिब्रू भाषेत 'गोएल' म्हणतात. तो परका सावकार नव्हे, दानशूर वाटसरू नव्हे. तो सपिंडातलाच पाहिजे. रूथच्या कथेत याचे उत्तम उदाहरण आहे. ही कथा आमच्या सर्व वाचकभगिनींनी वाचावी असे आम्ही आग्रहाने सुचवितो, कारण सासू मागे फिर म्हणत असताही विधवा सून तिला सोडून जात नाही, असा प्रसंग तीत आहे. नामी ही सासू, रूथ ही परदेशातली सून. त्यांचे शेत सोडविण्याचा हक्क ज्याचा पहिला होता, त्या आप्ताने आपल्याच वतनास धक्का लागेल म्हणून अंग काढून घेतले. पुढे बवाज नावाच्या दुसऱ्या आप्ताने शेतही सोडविले आणि रूथशी विवाहही केला. ईयोब नावाचा पुरुष सर्वस्व गमावून राखेत बसलेला असताना आपला सोडविणारा जिवंत आहे असे म्हणतो, तेथेही शब्द हाच आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहू. गहाण पडलेले शेत भावाने सोडविले, तर "घेतले एकाने आणि फेडले दुसऱ्याने, हा कुठला न्याय" असे आपण म्हणतो काय? आपल्या घरांतून तर हाच न्याय शतकानुशतके चालत आला. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हे धर्मशास्त्राने केवळ सौजन्य म्हणून सांगितलेले नाही. ते न फेडल्यास पित्यास गती नाही, म्हणून ते पुत्राचे कर्तव्य ठरविले. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हे कर्तव्य मान्य केले व त्यावर असंख्य निवाडे झाले. २००५ सालच्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने, त्यानंतर काढलेल्या कर्जांपुरते, न्यायालयांनी हे बंधन मुलाविरुद्ध अंमलात आणू नये असे ठरले. म्हणजे अगदी परवापर्यंत ते कायद्यात जिवंत होते. श्राद्धाचे तरी काय? पिंड देतो पुत्र आणि तृप्त होतात पितर. वह्या जर खरोखरच वेगळ्या असतील तर दर्भ हाती घेण्याचे प्रयोजन उरत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील शहाऐंशीव्या सूक्तात वसिष्ठ ऋषी वरुणाची करुणा भाकतात. तेथे ते स्वतःच्या अपराधांबरोबर पितरांच्या अपराधांतूनही मोकळे करण्याची याचना करतात, दाव्यातून वासरू सोडावे तसे. कर्माचा कडक हिशेब आपल्याकडे आहे खरा. पण त्याच घरात, त्याच देव्हाऱ्यापुढे, कुळाचा हा दुसरा हिशेबही नांदत आला आहे. म्हणून आम्हांस वाटते की, एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसास ख्रिस्ती तारणाची कल्पना इतरांपेक्षा लवकर समजावी.

मात्र एक फरक आहे, आणि तोच मर्माचा आहे. आपल्या शास्त्राने पुत्रावर पित्याचे सर्वच ऋण लादले नाही. मद्यपान, द्यूत, व्यसन यांपायी केलेले कर्ज पुत्राने फेडण्याचे कारण नाही असे स्मृतिकार स्पष्ट सांगतात. कुळाने कुळासाठी किती सोसावे याची मर्यादा त्यांनी येथे घातली, आणि संसारी माणसाच्या दृष्टीने ती योग्यच होती. ख्रिस्ती मत नेमकी हीच मर्यादा ओलांडते. त्यांचा गोएल फेडावयास येतो तो नेमके हेच ऋण. जे फेडण्यास सख्खा मुलगाही बांधलेला नाही ते. आणि सोडविणारा भाऊबंदच पाहिजे या नियमासाठी देवाने मनुष्याच्या कुळात जन्म घेतला, असे त्यांचे म्हणणे आहे. अवताराची कल्पना आपणांस नवी नाही; परंतु दुष्टांच्या निर्दालनासाठी घेतलेला अवतार आणि त्या दुष्टांचे देणे आपल्या अंगावर घेण्यासाठी घेतलेला अवतार यांतील अंतर ध्यानी घ्यावे.

आपल्या संतचरित्रांत याच्या सर्वांत जवळ जाणारी कथा आम्हांस आठवते ती दामाजीपंतांची. मंगळवेढ्यास दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांस लुटविली. बिदरास नेऊन देहदंड होणार एवढ्यात साक्षात पांडुरंग विठू महाराच्या वेषात दरबारी गेला, सर्व रक्कम मोजली आणि पावती घेऊन आला. देवाने केवळ क्षमा करविली नाही. हिशेब पुरता केला, आणि तो करण्यासाठी गावकुसाबाहेरच्या माणसाचे रूप घेतले. ही कथा ऐकताना कीर्तनात ज्याचे डोळे भरून आले असतील, त्यास शेजारणीचे वाक्य अगदी परके वाटू नये. फरक एवढाच की दामाजीपंतांनी केलेले कृत्य आपल्या लेखी पाप नव्हते, पुण्य होते; आणि विठ्ठलाने मोजल्या त्या मोहरा होत्या. ख्रिस्ती भक्त म्हणतो, मी तर खरोखरच अपराधी आहे, आणि माझ्यासाठी मोजले गेले ते रक्त.

येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे प्रायश्चित्ते आहेत, मग सोडविणारा कशास हवा? मनुस्मृतीचा अकरावा अध्याय व याज्ञवल्क्यस्मृतीचे तिसरे प्रकरण यांनी कृच्छ्र, चांद्रायण इत्यादी व्रते विस्ताराने सांगितली आहेत, आणि पापाची कबुली व पश्चात्ताप यांनीही पाप हलके होते असे मनू म्हणतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली निघालेला चौथा खंड ज्यांस शक्य असेल त्यांनी याकरिता अवश्य चाळावा. परंतु याज्ञवल्क्याने एक विलक्षण प्रांजळ गोष्ट सांगितली आहे. नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. मात्र जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत प्रायश्चित्ताने तो मनुष्य व्यवहारास, म्हणजे पंक्तीस व संगतीस, योग्य होतो, इतकेच. आत काय राहिले याविषयी स्मृतिकार मौन धरतात. ज्यास ते आत राहिलेले टोचते, त्याचा प्रश्न पंक्तीने सुटत नाही.

हे आत राहिलेले म्हणजे काय? अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारले आहे की, इच्छा नसतानाही बळेच कोणी ढकलावे तसा मनुष्य पाप करतो, तो कोणाच्या प्रेरणेने? पांडवगीतेत हीच व्यथा दुर्योधनाच्या तोंडी आहे. धर्म कोणता हे त्यास ठाऊक आहे, पण पाऊल तिकडे पडत नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हुबेहूब हेच दुःख मांडले आहे. जे बरे ते करावेसे वाटते आणि हातून घडते ते वाईटच. गीतेने त्या प्रेरणेस काम व क्रोध अशी नावे दिली आणि इंद्रिये जिंकून त्या शत्रूस मार असे सांगितले. पौल म्हणतो, ज्यास जिंकावयाचे त्याच्याच घरी मी गहाण आहे; गहाण पडलेला मनुष्य स्वतःस सोडवू शकत नाही. दोन्ही धर्मांतील वाट येथे फुटते असे आम्हांस वाटते. पाप हे आपल्याकडे बहुधा कृत्य आहे, त्यांच्याकडे ती अवस्था आहे. कृत्य धुता येते; अवस्थेतून कोणी तरी बाहेर काढावे लागते.

मग पाप करीत राहावे आणि फेडणारा फेडीत राहील, असे होणार नाही काय? हा आक्षेप बाहेरच्यांनीच घेतला असे नाही. पौलाने तो स्वतःच, त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात, उपस्थित करून झिडकारला आहे. ज्याचे गहाण भावाने घरदार विकून सोडविले, तो पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसेल तर त्यास सोडविणे कळलेच नाही असे म्हणावे. अर्थात असे बसणारे सर्व धर्मांत असतात. युरोपात पापमुक्तीची पत्रे पैसे घेऊन विकण्यापर्यंत मजल गेली होती, आणि त्याविरुद्धच १५१७ साली मार्टिन लूथर उभा राहिला. दक्षिणेने पाप धुऊन देणारे आपल्याकडेही तीर्थोतीर्थी भेटतात, तेव्हा या बाबतीत कोणी कोणास हसण्याचे कारण नाही.

आणखी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. विश्वास, आशा व प्रीती हे तीन ख्रिस्ती लोकांचे मुख्य सद्गुण. त्यांपैकी विश्वास आणि प्रीती आपणांस सहज समजतात. आशा मात्र आपल्या वेदान्तात बदनाम झालेली आहे. आशेस आपण पाश म्हणतो, वेडी म्हणतो. तिच्यापासून सुटणे हीच आपली मुक्ती. त्यांची आशा निराळी. ती फळाची हाव नसून, गहाण सुटले आहे याची बातमी कानी आली पण स्वतः अजून घरी पोहोचलो नाही, अशा मधल्या अवस्थेतील मनुष्याचा धीर होय. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, स्वतः ख्रिस्त भेटला तो सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. म्हणजे हा धीर विधीने येत नाही हे त्यांच्यासारख्या विदुषीने अनुभवाने सांगितले. केडगावच्या आपल्या आश्रमास त्यांनी नाव दिले ते 'मुक्ती'. आपल्याच शब्दकोशातील शब्द, पण आत अर्थ दुसरा भरलेला.

आम्हांस हे सर्व मान्य आहे काय, असे कोणी विचारील. नाही. एकाच जन्मात सर्व निकाल लागतो, शाश्वत नरक आहे, आणि सोडविणारा एकच, तोही एकाच काळी एकाच देशात आला, या तीन गोष्टी आमच्या बुद्धीत बसत नाहीत, आणि त्या बसविण्याचा आम्ही यत्नही करीत नाही. परंतु एखादे मत अमान्य करावयाचे तर ते नीट समजून घेऊन करावे. न्यायशास्त्रात पूर्वपक्ष मांडण्याची पद्धत आहे ती याकरिताच.

हे मत आपल्या प्रांतात नीट ऐकले गेले नाही याची कारणे इतिहासात आहेत. वास्तविक ते येथे फार पूर्वी आले होते. कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेतील लेखकाने सहाव्या शतकात 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा धर्मगुरू इराणातून नेमला जातो असे लिहिले आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचे मत निराळे आहे. १९८८ साली केरळी कॅथॉलिकांच्या सिरो-मलबार परंपरेचा स्वतंत्र धर्मप्रांत कल्याणच्या नावाने स्थापन झाला. त्या परंपरेचे नाते जुन्या इराणी चर्चशीच आहे, हा योगायोग आम्हांस मनोहर वाटतो. ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू तत्कालीन मुसलमान अंमलदाराच्या आज्ञेने मारले गेले. येथवर कोणाचा द्वेष वाढण्याचे कारण नव्हते. पुढे १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि साष्टीत क्रूसामागे तरवार उभी राहिली. देवळे पडली, लोक बाटविले गेले. चिमाजी अप्पांनी १७३७ साली ठाणे व १७३९ साली वसई घेतली तेव्हा या अंमलाचा शेवट झाला. दोनशे वर्षे ज्याच्या हातात दंड होता, त्याने सांगितलेली क्षमेची वार्ता लोकांच्या कानात शिरली नाही यात नवल ते काय?

तरीही तोच काळ एका फार निराळ्या माणसाचाही आहे. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्याकडील साष्टीत राहिला, आपली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास त्यास संकोच वाटला नाही. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तोच वसा चालविला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. आज ठाण्यात मासुंदा तलावाजवळ कौपीनेश्वराची घंटा आणि संत योहान बाप्तिस्ताच्या देवळाची घंटा एकाच माणसाच्या कानी पडते, आणि त्यास त्यात काही विशेष वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न. भगिनींच्या थोरल्या दिरांचा बावीस वर्षांचा मुलगा गेले काही महिने शेजारच्या मुलाबरोबर रविवारच्या उपासनेस जाऊ लागला आहे. तेथे आपणांस शांती मिळते असे तो म्हणतो. आजोबांनी त्याच्याशी बोलणे टाकले असून त्याचे ताट वेगळे वाढावे अशी आज्ञा केली आहे. काय करावे?

आजोबांचे दुःख आम्ही समजू शकतो. त्यांनी जे केले त्यास शास्त्राधारही काढता येईल. पतित झालेल्या आप्ताच्या नावाने सपिंडांनी गावाबाहेर तिलांजली द्यावी, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने उलथावा, आणि तो मेला असे समजावे, असा विधी मनूने सांगितला आहे. यालाच घटस्फोट म्हणत. हल्ली नवराबायकोच्या काडीमोडीस आपण जो शब्द वापरतो त्याचा जन्म हा असा. म्हणजे पहा, यहुद्यांचा भाऊबंद गहाण पडलेल्यास सोडविण्यासाठी बाजारात जातो, आणि आपला भाऊबंद घागर उलथण्यासाठी वेशीबाहेर. परंतु मनू तेथेच थांबलेला नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. प्रायश्चित्त घेऊन तो परत आल्यास त्याच आप्तांनी त्याच्यासह स्नान करावे आणि नवा कोरा घट पाण्याने भरून जलाशयात सोडावा, असे पुढल्याच श्लोकांतून सांगितले आहे. आमच्या मागच्या पिढ्यांनी पहिला घट पाठ केला आणि दुसरा विसरल्या.

याचे मोल कोणी दिले ते कल्याणकरांनी तरी विसरू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे बालपणीचे शिक्षण १८६८ ते १८७३ या काळात कल्याणास झाले. पुढे नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या पाद्र्याने त्यांस बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. पत्नी लक्ष्मीबाई यांना हा वज्राघातच होता. चार-पाच वर्षे त्या लहानग्या मुलास घेऊन आप्तांच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे गेल्या तेव्हाही प्रथम आपले सोवळे, आपली चूल व आपले पाणी सांभाळून राहिल्या, आणि टिळकांनी त्यांस ते राहू दिले. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली, पण बोलणे बंद नाही. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' हा त्यांचा ग्रंथ १९३४ पासून चार भागांत निघाला; तो ज्या घरात नाही ते मराठी घर अपुरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. टिळकांचे 'ख्रिस्तायन' त्यांच्या १९१९ सालच्या मृत्यूने दहा-अकरा अध्यायांवर अपुरे राहिले. पुढील साठांवर अध्याय ज्या बाईंस कधी शाळा मिळाली नाही त्या लक्ष्मीबाईंनी रचले, आणि ते महाकाव्य त्यांच्या पश्चात १९३८ साली प्रसिद्ध झाले. स्वतः टिळकांनी शेवटच्या काळात, १९१७ साली, मिशनचा पगार सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला व त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंस जागा ठेवली. त्या घरी अबोला असता तर यांतील किती निपजले असते कोण जाणे.

तेव्हा भगिनींनी आजोबांस हे वाचून दाखवावे आणि मुलाचे ताट सर्वांबरोबर वाढावे. मुलास मात्र मोकळेपणी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणी तुला नोकरी, पैसा, परदेश अथवा लग्न यांचे आमिष दाखविले आहे काय? तुला जे आत टोचते आहे ते काय आहे, आणि ते घरात कोणापाशी बोलावेसे का वाटले नाही? आणि ज्या तारणाची तू गोष्ट करतोस त्याचा अर्थ आजीस समजावून सांगशील काय? पहिल्याचे उत्तर होय आले तर त्याचा बंदोबस्त वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची तयारी घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवावी. ते त्यांस सुखाचे होईलच असे नाही. तिसऱ्यासाठी आजी तयारच आहेत, हे पत्रावरून दिसते.

राहिला तिसरा प्रश्न. मुलाने उद्या धर्म बदलला तर त्याचा वाटा जातो काय? हिंदू कायद्याने पूर्वी जाई. परंतु १८५० सालच्या कायद्याने केवळ धर्मांतरामुळे वारसाहक्क जाण्याचे बंद झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही धर्मांतर करणारा स्वतः अपात्र ठरत नाही. धर्मांतरानंतर त्यास झालेली मुले व त्यांचे वंशज मात्र हिंदू नातलगांचे वारस होऊ शकत नाहीत, वारसा खुला होते वेळी ती हिंदू असल्यास गोष्ट निराळी. कल्याणचा वडिलोपार्जित वाडा व डोंबिवलीची जागा यांचे कागद निरनिराळे असल्याने अधिक खुलासा वकिलाकडून करून घ्यावा. आजोबांनी मृत्युपत्र करण्याचे मनात आणले आहे असे भगिनी लिहितात. त्यांनी तूर्त ती घाई करू नये. मुलाने अद्याप बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि बावीस हे काही फार वय नव्हे.